पिसवांचे औषध आणि मुक्याची संमती

मासिकाच्या पानावर कुत्र्याच्या पिसवांचा विषय पाहून काही वाचक हसतील. प्रार्थना, दानधर्म, कौटुंबिक जीवन हे विषय सोडून आज हे काय काढले, असेही कोणी म्हणेल. परंतु नीतीचे पुष्कळ प्रश्न घराच्या ओसरीवर, पायपुसण्याजवळच पडून असतात, आणि रोज त्यांना ओलांडून जात असल्यामुळे ते आपल्या नजरेस येत नाहीत. त्यांपैकीच हा एक आहे. ज्याला आपले हित-अहित सांगता येत नाही, त्याच्या वतीने आपण धोका पत्करावा काय? पत्करावा तर कोणत्या अटींवर? तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न येतो. वाचा गेलेल्या वृद्ध आईच्या उशाशी बसले असताना तो येतो. दारातल्या कुत्र्याच्या बाबतीत तर तो दर महिन्याला, औषधाची पुडी फोडताना येतो. लहान गोष्टीत ज्याने त्याचा नीट विचार केला, त्याला मोठ्या गोष्टीत तो अगदीच नवखा वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

औषध न देणे हीही एक कृती

प्रथम एक गैरसमज दूर करू. औषधाचे दुष्परिणाम ऐकले की काही भल्या माणसांना वाटते, "मग काही देऊच नये. देवाने निर्माण केलेला जीव आहे, तो आपले आपण पाहील." हा विचार दयेचा दिसतो, पण त्यात दयेपेक्षा आळस अधिक आहे.

पिसू ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. फार पिसवा झाल्या तर लहान पिल्लाच्या अंगातले रक्त इतके कमी होते की ते दगावते. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचेच वावडे असते. अशा कुत्र्याला दोन-चार पिसवा चावल्या तरी ते शेपटीच्या मुळाशी चावून चावून कातडी सोलून काढते. अंग चावताना पिसू पोटात गेली तर तिच्यातून पट्टकृमी होतो, आणि क्वचित तो घरातल्या रांगत्या मुलालाही होतो. पिसवांच्या जोडीला आपल्याकडे गोचीड असतातच. त्यांच्यापासून येणाऱ्या तापात कुत्र्याच्या रक्तातील प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त वाहते आणि वेळीच उपचार न झाल्यास ते मरते. पिसवांना हसणाऱ्यांनी हेही आठवावे की, प्लेगचा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ साली दाखवून दिले. पुण्यात प्लेगने हाहाकार केला त्यानंतरचे ते वर्ष होते. कुत्र्याच्या अंगावर बहुधा आढळते ती पिसवांची जात निराळी आहे. पण या किड्याला कमी लेखणे माणसाला किती महागात पडले ते त्या वर्षांनी शिकवले आहे.

तेव्हा औषध न देणाऱ्याचे हात आपोआप स्वच्छ राहत नाहीत. न देण्याचाही परिणाम असतो आणि तोही त्या मुक्या जिवालाच भोगावा लागतो. दोन्ही बाजूंना काही ना काही धोका आहे. तो कोणत्या बाजूला किती आहे हे पाहण्याचे कष्ट आपण घेतो की नाही, येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

गुण आणि दोष एकाच मुळाचे

औषधाचा दुष्परिणाम म्हणजे काहीतरी बाहेरून आलेली भेसळ, असे आपल्याला वाटते. औषध चांगले, पण त्यात कुठेतरी एक वाईट अंश मिसळला आहे. तो काढून टाकला की झाले. पिसवांच्या औषधांच्या बाबतीत गोष्ट अशी सोपी नाही.

प्राण्याच्या मज्जातंतूंना दोन प्रकारचे निरोप मिळत असतात. एक म्हणतो "चल", दुसरा म्हणतो "थांब". "थांब" हा निरोप नेणाऱ्या पदार्थाला गाबा असे नाव आहे. तो आला की पेशीवरचे एक सूक्ष्म दार उघडते, त्यातून क्लोराइडचे कण आत शिरतात आणि खवळलेली पेशी शांत होते. हे दार बंद केले तर मज्जातंतूंना थांबायला सांगणारे कोणी उरत नाही. पिसवांची पुष्कळ औषधे हेच करतात. पिसूचे मज्जातंतू थांबेनासे होतात, ती तडफडते आणि मरते.

जुन्या पिढीतील वाचकांना गॅमेक्झिनची पावडर आठवत असेल. ढेकणांसाठी आणलेली ती पावडर कित्येक घरांत कुत्र्याच्या अंगावरही शिंपडली जाई. कुत्रे मग अंग चाटे आणि पावडर पोटात जाई. त्या पावडरीतील मारक अंश याच दारावर काम करीत असे, आणि पिसूचे दार व कुत्र्याचे दार यांत तो फारसा भेद करीत नसे. आपल्या देशात बी.एच.सी.वर, म्हणजे ज्यापासून ही पावडर होत असे त्या रसायनावर, १९९७ साली बंदी आली. १९९० च्या दशकात फिप्रोनिलचे थेंब आले, आणि २०१३ पासून आयसोक्साझोलिन वर्गाच्या गोळ्या. नेक्सगार्ड, ब्रेव्हेक्टो, सिम्पेरिका आणि क्रेडेलिओ या नावांनी त्या विकल्या जातात, आणि त्यांतल्या काही आपल्या गावच्या दुकानांतही आता मिळतात. यांचेही लक्ष्य मुख्यतः तेच दार आहे. फरक एवढाच की ही नवी औषधे किड्याच्या दाराला घट्ट पकडतात आणि कुत्र्याच्या दाराला फारच थोडी. म्हणूनच बहुतेक कुत्र्यांना त्यांची काहीही बाधा होत नाही.

परंतु "फारच थोडी" म्हणजे "मुळीच नाही" असे नव्हे. ज्या थोड्या कुत्र्यांना या गोळ्यांनी अंगाला कंप सुटतो, चालताना तोल जातो किंवा फेफऱ्यासारखे झटके येतात, त्यांच्या बाबतीत औषध आपले नेहमीचेच काम भलत्या ठिकाणी करीत असावे, असे समजले जाते. पिसूला मारणारा गुण आणि कुत्र्याला पाडणारा दोष, दोन्ही एकाच मुळातून निघाले. यात आपल्यासाठी एक धडा आहे. गुण तेवढा घ्यावा आणि दोष दुकानातच सोडून यावा, अशी सोय या जगात बहुधा नसते. जो उपकार करण्याचे सामर्थ्य हातात घेतो, तो अपकार करण्याचे सामर्थ्यही त्याच हाताने उचलतो. आईबाप, शिक्षक, पाळक, डॉक्टर या सर्वांना हे लागू आहे.

"बहुतेकांना सुरक्षित"

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात या वर्गाच्या गोळ्यांबद्दल एक सूचना काढली. तिचा आशय असा की, ही औषधे बहुतेक प्राण्यांना सुरक्षित व गुणकारी आहेत. परंतु काहींना स्नायूंचा कंप, तोल जाणे व झटके असा त्रास झाल्याची नोंद आहे. ज्यांना पूर्वी कधी झटके आले नव्हते त्यांनाही ते येऊ शकतात. तरी मालकाने पशुवैद्याशी बोलून ठरवावे. युरोपात ब्रेव्हेक्टोच्या माहितीपत्रकात झटक्यांची नोंद "अतिशय विरळा" या वर्गात आहे. म्हणजे औषध दिलेल्या दहा हजार प्राण्यांत एकाहून कमी. उलटी, जुलाब, अन्नावरची वासना जाणे हे मात्र त्या मानाने नेहमीचे, शंभरात एक-दोघांना होणारे आणि आपोआप थांबणारे.

"बहुतेकांना सुरक्षित" हे वाक्य खरे आहे, आणि ते खरे आहे म्हणूनच त्याच्यावर थोडे थांबले पाहिजे. हे वाक्य कळपाविषयी बोलते. सरकारला, कारखान्याला, डॉक्टरला कळपाचा विचार करावाच लागतो आणि त्यात काही चूक नाही. पण आपल्या दारात कळप नसतो. आपल्या दारात एकच कुत्रे असते. दहा हजारांतले ते एक आपले निघाले, तर उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांचे सुख त्याच्या झटक्यांवर उतारा म्हणून चालत नाही. हिशेब करणाऱ्याने बहुतेकांचा करावा. सांभाळ करणाऱ्याने एकाचा करावा. या दोन कामांची गल्लत झाली की माणूस आकडा पुढे करून आपली जबाबदारी झटकू लागतो.

आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी होते हे खरे, पण ती किती कुत्र्यांवर? नेक्सगार्डमधील अफॉक्सोलॅनर या औषधाच्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत एकंदर ६१५ कुत्री होती आणि त्यांतील ४१५ ना हे औषध दिले गेले. चाचणीच्या दृष्टीने ही संख्या लहान नव्हे. तरी साधा हिशेब करून पाहावा. जी गोष्ट दहा हजारांत एकालाच होते, ती ४१५ कुत्र्यांत एकदा तरी दिसण्याचा संभव शंभरात चार एवढाच. म्हणजे विरळा धोका चाचणीत सहसा दिसतच नाही. औषध लाखो घरांत पोहोचल्यावर तो दिसू लागतो. याचा अर्थ कोणी लबाडी केली असा नव्हे. याचा अर्थ असा की चाचणीचा उरलेला अर्धा भाग आपल्या घरात चालू असतो. तेथे परीक्षक आपण असतो, आणि पुष्कळदा आपल्याला त्याची वार्ताही नसते.

"बहुतेक" या शब्दाच्या बाहेर राहिलेल्यांचे काय करावे, याचा एक चांगला दाखला आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध पिसवांचे नव्हे. ते जंतांचे व खरजेच्या किड्यांचे, आणि आपल्याकडे गोचिडांवरही त्याचे इंजेक्शन देतात. १९८० च्या दशकात ते पसरले तेव्हा असे दिसून आले की, इतर कुत्र्यांना सोसणारी मात्रा कोली जातीच्या काही कुत्र्यांना दिली तर ती लडखडतात, बेशुद्ध होतात, मरतात. "पांढरे पाय दिसले तर हे देऊ नका" अशा अर्थाची म्हणच इंग्रजी बोलणाऱ्या पशुवैद्यांत पडली. २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅट्रिना मीली यांनी कारण शोधून काढले. या कुत्र्यांच्या एका जनुकातील चार अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे मेंदूच्या उंबरठ्यावर विष अडवणारा पहारेकरीच तेथे नसतो. आज गालाच्या आतल्या बाजूची थोडी लाळ तपासून हे आधी कळू शकते. हृदयकृमी टाळण्यासाठी जी अगदी अल्प मात्रा देतात ती या कुत्र्यांनाही बाधत नाही, हेही कळले आहे.

यातून काय दिसते? जे एकेकाळी "नशीब" वाटत होते ते कारण निघाले. आणि ते कळले, कारण थोड्या कुत्र्यांच्या मरणाला कोणी "अपवाद" म्हणून बाजूला सारले नाही. त्यांची नोंद ठेवली, त्यांच्याविषयी प्रश्न विचारले. अपवादाची विचारपूस करणे हा दयेचाच एक प्रकार आहे.

दोन्ही बाजूंची खोटी साक्ष

ज्याप्रमाणे औषधाचे दोष लपवणे ही खोटी साक्ष, त्याप्रमाणे औषधावर नसता दोष ठेवणे हीही खोटी साक्ष होय. याचेही उदाहरण पाहू.

सेरेस्टो नावाचा गळ्यातला पट्टा अमेरिकेत २०१२ साली विक्रीस आला. त्यात फ्लुमेथ्रिन व इमिडाक्लोप्रिड ही दोन कीटकनाशके असतात आणि ती हळूहळू केसांवर पसरतात. २०२१ च्या मार्च महिन्यात तेथील वर्तमानपत्रांत बातमी आली की, या पट्ट्याविषयी तोपर्यंत ७५,००० तक्रारी सरकारदरबारी जमल्या असून त्यांत सुमारे १,७०० पाळीव प्राण्यांच्या मृत्यूच्या आहेत. लोक हादरले. तेथील पर्यावरण संरक्षण खात्याने तपासणी केली आणि २०२३ च्या जुलै महिन्यात निकाल दिला. पट्टा चालू राहावा, पण मुदत पाच वर्षांचीच. वेष्टनावर अधिक स्पष्ट इशारे असावेत आणि तक्रारींची माहिती अधिक बारकाईने गोळा करावी. मृत्यूच्या बहुतेक नोंदींत पट्ट्यामुळेच मृत्यू झाला असे ठरवण्याइतकी माहितीच नव्हती.

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. पट्टे कोट्यवधी विकले गेले. एवढ्या प्राण्यांत काही आपापल्या आजाराने, म्हातारपणाने मरणारच, आणि त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पट्टा असणारच. पण दुसऱ्या बाजूने हेही खरे की, माहिती अपुरी होती म्हणून पट्टा निर्दोष ठरला असेही होत नाही. कुत्र्याचे वय काय, वजन काय, त्रास केव्हा सुरू झाला, पट्टा काढल्यावर थांबला काय, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. जो बोलू शकत नाही त्याचा एकच साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे त्याचा मालक. साक्षीदाराने नीट पाहिलेच नसेल तर न्यायाधीश काय करणार?

याउलट जेथे साक्ष जमली तेथे उपयोग झाला. २००८ साली अमेरिकेत मानेवर टाकण्याच्या थेंबांविषयी ४४,००० हून अधिक तक्रारी आल्या. कातडी लाल होण्यापासून ते झटके व मृत्यूपर्यंत सर्व प्रकार त्यांत होते. त्याच खात्याने त्यांची छाननी करून २०१० साली सांगितले की, छोट्या बांध्याच्या कुत्र्यांना त्रास अधिक होतो आणि कुत्र्याचे औषध मांजराला लावल्याने पुष्कळ अनर्थ होतात. म्हणून वजनाचे गट अधिक बारीक करावेत आणि वेष्टनावरची सूचना ठळक असावी. आज पुडीवर "अमुक ते अमुक किलो" असे जे छापलेले असते त्याच्यामागे अशा कित्येक मुक्या प्राण्यांचे दुःख आहे. ते न वाचता पुडी फोडणे म्हणजे त्यांचे सोसणे वाया घालवणे होय.

त्याच्यासाठी की त्याच्यावर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धोका पत्करणे आणि धोका ढकलणे यांत फरक कोणता? आम्हाला सुचते ती कसोटी अशी: हा धोका आपण त्याच्यासाठी पत्करीत आहो की त्याच्यावर टाकीत आहो?

कुत्र्याची खाज थांबावी, त्याला झोप लागावी, ताप येऊ नये, यासाठी औषध दिले तर लाभ त्याचा आणि धोकाही त्याचा. येथे न्याय आहे. पण पुष्कळदा मनात निराळेच असते. सोफ्यावर पिसू दिसू नये, पाहुण्यांपुढे लाज वाटू नये, रोज विंचरण्याची कटकट नको, तीन महिने पुन्हा लक्ष द्यायला नको. येथे लाभ आपला आणि धोका त्याचा. बारा आठवडे टिकणारी गोळी ही खरोखर सोयीची आहे. पण जी सोय आपल्याला बारा आठवडे मिळते, तीच गोष्ट बाधली तर त्याच्या अंगात आठवडेच्या आठवडे राहते. मानेवरचे थेंब सौम्य साबणाने काही अंशी धुता येतात, पट्टा कापून काढता येतो. पचलेली गोळी परत मागता येत नाही. जो निर्णय परत घेता येत नाही तो घाईने घेऊ नये, हे लग्नाच्या बाबतीत आपण मुलांना सांगतो. येथेही ते लागू आहे.

अल्बर्ट श्वाइत्झर हे धर्मपंडित १९१३ साली आफ्रिकेत लांबारेने येथे डॉक्टर म्हणून गेले. जीवनाविषयी आदर हा त्यांच्या नीतिविचाराचा गाभा. त्यांनी एका पक्ष्याच्या पिल्लाची गोष्ट लिहिली आहे. मासे खाणारा तो पक्षी त्यांनी लोकांच्या तावडीतून सोडवला, आणि मग त्यांच्यापुढे प्रश्न आला की त्याला उपाशी मारावे की त्याच्यासाठी रोज मासे मारावेत. त्यांनी मासे दिले, पण एका जिवासाठी दुसरा जीव आपल्या जबाबदारीवर घेतला जात आहे, ही टोचणी त्यांनी रोज मनात राहू दिली. निद्रारोगाच्या जंतूंविषयीही त्यांनी असेच लिहिले आहे. नवे औषध सापडल्याचा त्यांना आनंद होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते जंतू पाहताना आपण हे जीवन नष्ट करीत आहो याची आठवण त्यांना होत असे. श्वाइत्झरांनी औषध देणे थांबवले नाही; आवश्यक ते त्यांनी केले, पण आवश्यक होते म्हणून ते हलके झाले असे त्यांनी कधी मानले नाही.

हा वजनाचा विचार आपल्यालाही उपयोगी आहे. बलामाच्या गाढवीची गोष्ट रविवारच्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तिला मारणाऱ्याला जाब विचारण्यासाठी तिला वाचा मिळाली, पण ती तीनदा मार खाल्ल्यानंतर. आपल्या कुत्र्याला तशी वाचा मिळणार नाही. मूल मोठे झाल्यावर विचारू शकते, "मला ते औषध का दिले होते?" कुत्रे कधीच विचारणार नाही. उलट मांसाच्या चवीची गोळी ते शेपटी हलवत आपल्या हातून खाते. दुसऱ्याच्या हातून घेताना कदाचित ते हुंगून पाहील. आपल्या हातून घेताना पाहत नाही. त्याची संमती म्हणतात ती एवढीच: त्याचा आपल्यावरचा विश्वास. कागदावरच्या सहीपेक्षा तो अधिक बांधून ठेवणारा आहे, कारण सही करणारा निदान वाचून सही करतो.

शिवाय धोका केवळ कुत्र्यापुरता राहत नाही. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे थेंब त्याच घरातल्या मांजराला लागले तर ते मरू शकते. ते विष मोडून टाकण्याची जी शक्ती कुत्र्याच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार कमी आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले की, तेथील २० नद्यांतून २०१६ ते २०१८ या काळात घेतलेल्या नमुन्यांपैकी ९८ टक्क्यांत फिप्रोनिल सापडले. शेतीत तेथे त्याचा वापर उरलेला नसल्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या औषधांकडे त्यांनी बोट दाखवले. आपल्याकडे आणखी एक जीव या हिशेबात धरायला हवा. डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ बादलीत कालवून कुत्र्याला अंघोळ घालण्याचे काम कित्येक घरांत नोकराकडे किंवा शाळकरी मुलाकडे असते, आणि त्याच्या हातात मोजे नसतात. त्याची संमती तरी आपण विचारतो काय?

आपल्या घामाने टळते ते

मग करावे काय? आमच्या मते एक नियम पुरेसा आहे: जे आपल्या घामाने टळते ते दुसऱ्याच्या जिवावर टाकू नये.

घरातल्या एकंदर पिसवांपैकी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या शंभरात सुमारे पाचच; उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या व कोष या रूपांत सतरंजीत, फरशीच्या भेगांत, कुत्र्याच्या अंथरुणात असतात. त्या पंचाण्णवांसाठी कुत्र्याच्या अंगात विष घालण्याचे कारण नाही. त्याचे अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात धुणे, कोपरे झाडणे, सतरंजी उन्हात टाकणे आणि बारीक दातांच्या फणीने त्याला विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवणे, हे काम आपण करू शकतो. याने औषधाची गरज नाहीशी होईलच असे नाही, पण ती पुष्कळ कमी होईल. उरलेल्यासाठी औषध द्यावे, आणि ते स्वच्छ मनाने द्यावे.

देताना चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, विचारावे. पूर्वी कधी झटके आले असल्यास, कुत्री गाभण असल्यास, दुसरे औषध चालू असल्यास पशुवैद्याला ते आधी सांगावे. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला या वर्गाच्या गोळ्या देऊ नयेत. झटक्यांची खोड असलेल्या कुत्र्यासाठी डॉक्टर दुसऱ्या वर्गाचे औषध निवडू शकतो; पण न सांगितलेले त्याला कसे कळणार?

दुसरी, मोजावे. अंदाज हा पुष्कळ दुष्परिणामांचा बाप आहे. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली बादलीत "थोडीशी" ओतणे, मोठ्या कुत्र्याची गोळी दोन लहान कुत्र्यांत वाटणे, थेंब लावले असताना त्यावर पट्टाही बांधणे, हे सर्व काटकसरीच्या किंवा उत्साहाच्या नावाखाली चालते. अमिट्राझची मात्रा अधिक झाली किंवा ते चाटले गेले तर कुत्रे सुस्त पडते, नाडी मंद होते, रक्तातील साखर वाढते. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. याला पैसा लागत नाही. घरगुती म्हणून सुरक्षित, हाही भ्रम आहे. लसूण खाऊ घातल्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि डांबराच्या गोळ्या तर विषच आहेत.

तिसरी, पाहावे. औषध देऊन बाहेरगावी जाऊ नये. सुटीच्या दिवशी सकाळी द्यावे आणि तो दिवस त्याच्या जवळपास असावे. कंप, लडखडणे, लाळ गळणे, झटके यांपैकी काही दिसले तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे आणि औषधाचे वेष्टन बरोबर घ्यावे.

चौथी, सांगावे. औषधाचे नाव, तारीख, वजन व त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरला द्यावी आणि वेष्टनावर कंपनीचा पत्ता असतो तेथे कळवावे. आपले कुत्रे बरे झाले म्हणून गप्प बसू नये. ती नोंद पुढच्या कोणाच्या तरी कुत्र्यासाठी आहे.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. जबाबदारी हा शब्द मुलांना शिकवणे कठीण, कारण त्यांच्या हाती फारसे काही नसते. पण वर्गात ज्यांच्या घरी कुत्रे आहे अशी दोन-तीन मुले निघतातच. त्यांना विचारा: तुमच्या कुत्र्याचे वजन किती? त्याला शेवटचे औषध कोणते आणि केव्हा दिले? दिल्यावर त्याच्याजवळ कोण बसले होते? उत्तर न आले तर रागावू नका. पुढच्या रविवारी विचारून या असे सांगा. मूल घरी जाऊन विचारील, आणि मग वडीलमाणसांनाही कपाटातली पुडी काढून तिच्यावरचा बारीक मजकूर वाचावा लागेल.

एवढे सर्व करूनही एखाद्याचे कुत्रे दहा हजारांतले ते एक निघेल. त्या घरातल्या माणसाला "तू औषध द्यायलाच नको होतेस" असे कोणी म्हणू नये. ज्याने विचारले, मोजले, पाहिले आणि सांगितले, त्याने आपल्यावर सोपवलेल्या जिवाची कारभारी म्हणून चाकरी केली. परिणाम त्याच्या हातात नव्हता. काळजी घेणे होते, आणि ती त्याने घेतली. त्याच्याकडे जाऊन घटकाभर बसावे, आणि ती नोंद लिहून पाठवायला त्याला मदत करावी.